वर घातलेले दोन बोंबील

चुरीबाईंनी बोंबलांचा वाटा परत फळीवर ठेवला. आपटला नाही, ढकललाही नाही. पेपर तपासून झाल्यावर गठ्ठा टेबलावर ठेवायच्या तसा नीट ठेवला, ओली बोटं पदराच्या टोकाला पुसली आणि म्हणाल्या, "आज राहू दे हंसा. माझा उपास आहे, विसरलेच." एवढंच घडलं. डहाणूच्या मासळी बाजारात बुधवारी सकाळी दहा वाजता एका म्हाताऱ्या बाईंनी घेतलेली मासळी परत ठेवली, याला कुणी घटना म्हणणार नाही. पण त्याच्या आधी शेजारी मासळी विकायला बसणारी भीमामावशी माझ्या आईला, म्हणजे हंसाला, हळूच म्हणाली होती, "तिरवं हाय", आणि आईने सवयीने वाट्यावर आणखी दोन बोंबील घातले होते. बाईंचा पर्समध्ये गेलेला हात तिथेच थांबला. त्यांनी आधी भीमामावशीकडे पाहिलं, मग आईकडे, मग दोघींच्या मागे उपड्या क्रेटवर चहा पीत बसलेल्या माझ्याकडे. माझ्याकडे सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं. कागदी कप मी इतका दाबला की चहा मनगटावरून कोपरापर्यंत गेला, आणि तो पुसायचंही मला सुचलं नाही. बाई निघाल्या. त्यांची चाल नेहमीचीच होती, पिशवी मात्र रिकामी असल्यामुळे वाऱ्यावर हलत होती. बुधवारी कसला उपास, असं त्या गेल्यावर शेजारची एकजण हसत म्हणाली. मला हसू आलं नाही, कारण बाईंना तो शब्द कुणी शिकवला हे त्या बाजारात फक्त मला माहीत होतं.

तिरवं म्हणजे काय हे लपवण्यात आता अर्थ नाही, मीच ते पेपरात छापून आणलंय. आमच्या चिंचणीच्या मासळी विकणाऱ्या बायकांची आपसातली एक बोली आहे. मोठी नाही, माझ्या यादीत त्रेचाळीस शब्द आहेत. कालची मासळी, चोखंदळ गिऱ्हाईक, फक्त भाव विचारून जाणारं गिऱ्हाईक, पोलीस, नगरपालिकेचा माणूस, असल्या गोष्टींना वेगळे शब्द, म्हणजे समोरच्याच्या देखत एकमेकींना सांगता येतं. बहुतेक शब्द धंद्याचे आणि थोडेसे चावट आहेत. तिरवं तेवढं निराळं. हिच्या घरी सध्या ओढाताण आहे, हिच्याशी भाव ताणू नकोस, वर काहीतरी घाल, आणि घातलंस हे तोंडावर दिसू देऊ नकोस, हे सगळं त्या एका शब्दात येतं. लहानपणी सुट्टीत मी आईच्या पाटीमागे बसायचे तेव्हा मला तो शब्द कुणी समजावला नव्हता. गावात मांडवावर बोंबील वाळत घालताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची हेही कुणी समजावलं नव्हतं, बोटांना आपोआप कळलं. तसंच हे. एकदा पाचवी-सहावीत असताना एका बाईला आईने वर तीन मुडदुशा घातल्या आणि मी मोठ्याने विचारलं, हिला का जास्त. आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस निळा डाग होता. तो चिमटा म्हणजे माझ्या संशोधनातला पहिला पुरावा, असं मी परिसंवादात गमतीने म्हटलं होतं. लोक हसले होते. मला फार बरं वाटलं होतं.

परिसंवाद, संशोधन, प्रबंध. हे शब्द मी आता सराईतपणे वापरते, पण मराठीत पीएचडी करणाऱ्या माणसाच्या डोक्यात यांच्यापेक्षा मोठा एक शब्द दिवसरात्र असतो, तो म्हणजे निधी. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा असते, तिच्याबरोबर प्रकल्प असतो, प्रकल्पाबरोबर पगार असतो. आम्हाला विषय असतो. माझी नेट झाली, पण तिच्याबरोबर दरमहा पैसे देणारी जेआरएफ दोन गुणांनी हुकली, आणि ते दोन गुण कुठल्या प्रश्नाचे असतील याचा विचार मी अजून आंघोळ करताना करते. मग एका संस्थेच्या अधिछात्रवृत्तीची जाहिरात येणार येणार म्हणून दोन वर्षं वाट पाहिली. दुसऱ्या एका ठिकाणी वयाची अट होती, ती वाट पाहता पाहता ओलांडली. तिसरीकडच्या अर्जात 'प्रस्तुत संशोधनाचा उद्योगक्षेत्राला होणारा लाभ' असा रकाना होता. मी त्यात मत्स्योद्योग असं लिहिलं आणि मलाच लाज वाटली. माझा भाऊ हार्दिक तारापूरच्या कारखान्यात कंत्राटावर आहे, तो म्हणाला, "त्यात स्कोप काय पण?" मी म्हटलं, शब्दांचा अभ्यास आहे. तो म्हणाला, "मग आईला पगार दे, शब्द तिचे हायत." तेव्हा मी त्याला मूर्ख म्हटलं होतं. तलासरीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासांचे पैसे मार्चचे ऑगस्टमध्ये यायचे, आणि सकाळच्या बसमध्ये मी उभ्याने संदर्भग्रंथ वाचायचे. अशात पुण्याच्या एका खासगी प्रतिष्ठानची पाठ्यवृत्ती मिळाली, बोलींच्या नोंदींसाठी, दोन वर्षं, दरमहा, वेळेवर. अटी तीन होत्या. पूर्ण वेळ संशोधन करायचं, म्हणून मी तासिका सोडल्या. काम 'समाजापर्यंत पोहोचवायचं', म्हणून मी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत लेख लिहिला. आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस संपूर्ण शब्दसूची, अर्थ आणि आवाजासकट, त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवायची, तरच दुसरं वर्ष मंजूर. तारीख तीस, म्हणजे पुढचा बुधवार, संध्याकाळी पाच. दुसरं वर्ष मिळालं नाही तर प्रबंध थांबणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. एकतीस वर्षांची झाले आहे, खोलीचं भाडं आहे, आणि गेलेल्या तासिका परत मिळतीलच असं नाही.

पुरवणीतला तो लेख आईला मी स्वतः वाचून दाखवला होता. फोटोत ती पाटीवर बसून हसते आहे. तिने ते पान झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट करून आणलं आणि घरी देवांच्या फळीखाली लावलं. त्यात मी लिहिलं होतं, 'तिरवं म्हणजे गरजू ग्राहकाला दिलेली अघोषित सवलत. या एका शब्दात मासळी बाजाराची माणुसकी साठवलेली आहे.' वाक्य लिहिल्यावर मी खुर्चीत मागे रेलून बसले होते, तेही आठवतं. तिरवं कुणाकुणाला म्हणतात हे अर्थात लिहिलं नव्हतं, नावं गोपनीय ठेवली होती, संशोधनाची नीतिमत्ता मला पाठ आहे. फक्त एवढंच डोक्यात आलं नाही, की ज्यांना म्हणतात त्या पेपर वाचतात, आणि त्यांना कान आहेत. हे मला सुचलं नाही, आईला नाही, भीमामावशीला नाही, आमच्यापैकी एकीलाही नाही. आमच्या डोक्यात लिहिलेलं म्हणजे लांब कुठेतरी जाणारं, युनिव्हर्सिटीत, पुण्यात, साहेबांच्या कपाटात. ते फिरून त्याच फळीसमोर पिशवी घेऊन उभं राहील हे आम्हाला सुचणं शक्य नव्हतं.

"तिला कसं समजलं गो?" बाई दिसेनाशा झाल्यावर आईने विचारलं. तिचा चाकू हातात तसाच होता.

"पेपरात होतं ना, आई."

"पेपरात? आपला तो फोटोवाला?" आईने चाकू फळीवर ठेवला. मग अगदी खरोखरच्या आश्चर्याने म्हणाली, "मग त्या वाचतात पेपर?"

"मास्तरीन हाय ती," भीमामावशी म्हणाली. "ती नाय वाचनार तर कोन वाचनार?" ती माझ्याकडे बघत नव्हती. परत ठेवलेला वाटा तिने उचलला, वरचे दोन बोंबील काढून आईच्या पाटीत टाकले आणि बाकीच्यांवर पाणी मारलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, एखादी शिवी देईल, भीमामावशीच्या शिव्या बंदरावर प्रसिद्ध आहेत. ती म्हणाली, "जागू, तुझी एसटी चुकल." खरंच चुकली असती. मला त्या दिवशी तलासरीला जायचं होतं, कॉलेजातल्या संशोधन केंद्राची प्रगती अहवालावर सही हवी होती.

झरीमार्गे जाणाऱ्या एसटीत खिडकी मिळाली. चिखले गावापासून दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या लागतात, गाडीत अंधारून येतं, मग एकदम उजेड, मग परत अंधार. यातल्या एका वाडीत चुरीबाईंचं बालपण गेलं. आता वाडी भावाची आहे आणि बाई डहाणूत मल्याणला एका खोलीत राहतात. त्यांनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, पण शाळा विनाअनुदानित, त्यामुळे पगार कधी यायचा कधी नाही आणि पेन्शन मुळातच नाही. शाळेला अनुदान मिळावं म्हणून बाई दर वर्षी मुंबईला मोर्चाला जायच्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन आम्हाला समास शिकवायच्या. अनुदान आलं ते त्या निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी. आणि त्याच बाई आम्हा गरीब घरच्या मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या. मला आयुष्यातला पहिला अर्ज त्यांनी भरायला शिकवला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'काही नाही' लिहिलं होतं, कारण बाबांची बोट तेव्हा हातची गेलेली होती. बाईंनी ते खोडून 'मासेमारी' लिहायला लावलं. म्हणाल्या, अर्जात रडायचं नाही आणि फुशारकी मारायची नाही, माहिती द्यायची. पुढे मी कितीतरी अर्ज भरले, प्रत्येक वेळी हे आठवलं आणि प्रत्येक वेळी थोडं रडलेही, थोडी फुशारकीही मारली. पण त्या दिवशी गाडीत जे आठवलं ते दुसरंच होतं. बाई वर्गात कधीच म्हणायच्या नाहीत की ज्यांचे अर्ज भरायचे आहेत त्यांनी थांबा. त्या शिकवता शिकवता म्हणायच्या, "जागृती, ऑफिसातून खडू घेऊन ये." खडूचा डबा तर टेबलावर भरलेला असायचा. ऑफिसात गेलं की शिपाईकाका अर्ज पुढे करायचे, सही करायची, येताना एक खडू आणायचा. आठवड्याला चार-पाच जणांना खडू आणायला पाठवलं जायचं, आणि ज्यांना कधीच पाठवलं नाही त्या मुलींना वाटायचं, खडू आणणाऱ्या बाईंच्या लाडक्या आहेत. बोर्डीजवळ गाडी थांबली तेव्हा हे एकदम इतकं लख्ख समोर आलं की मी शेजारी उभ्या असलेल्या बाईला जागा देऊन उठून उभी राहिले. उतरायचं नव्हतं, नुसतं बसवेना.

कॉलेजच्या ग्रंथालयात रविना होती. रविना झरीची, वारली समाजातली, माझ्या दोन वर्षं मागे आहे आणि लग्नातल्या गाण्यांवर काम करते. तिला मी सगळं सांगितलं. ती जेवणाचा डबा उघडत होती, तिने झाकण परत लावलं.

"माझ्या आजीने तीन गाणी सांगितली," ती म्हणाली, "आणि मग म्हणाली, ही लिहायची नाहीत. मी प्रबंधात लिहिलंय, आणखी तीन गाणी आहेत, ती इथे दिलेली नाहीत."

"आणि गाइड?"

"विचारलं त्यांनी, का नाहीत. मी म्हटलं, म्हातारी नको म्हणाली. आमच्यावर बाहेरचे लोक इतकं लिहून गेलेत ना जागृती, घरात सगळ्यांना आता माहीत आहे काय सांगायचं, काय नाही. तुमच्यावर अजून कुणी आलेलं नाही. तू पहिली." मग ती म्हणाली, "तुला आईने नको म्हटलं होतं?"

"नाही. उलट खूश होती. सात पानांवर सह्या केल्यात तिने."

"सही घेतलीस. पण विचारलंस का?"

मी म्हटलं, संमतीपत्रात सगळं लिहिलेलं आहे. रविनाने मान हलवली आणि डबा पुन्हा उघडला. मला तिचा राग आला. तिच्याकडे आजी होती नको म्हणणारी, माझ्याकडे सगळ्या हो म्हणणाऱ्या, असं काहीतरी मनात आलं, आणि त्याचीही लाज वाटली. विभागप्रमुखांनी अहवालावर न वाचता सही केली आणि म्हणाले, तुमचं बरं आहे, तुमचं काम लोकांपर्यंत पोहोचतंय.

शुक्रवारी मी सकाळी आठपासून बाजारात बसले. बाई बुधवारी आणि शुक्रवारी यायच्या, रविवारी भाव चढतो म्हणून रविवारी कधी नाही. दहा वाजले, साडेदहा, अकरा. आईने बोंबलांचा एक वाटा बाजूला ओल्या फडक्याखाली ठेवला होता आणि माझ्यापासून लपवल्यासारखं करत होती. साडेअकराला तिने तो एका हॉटेलवाल्याला देऊन टाकला. एक मात्र मला त्या दिवशी जाणवलं आणि मी ते झटकून टाकलं. सबंध सकाळ दोघी एकमेकींशी फारच कमी बोलल्या. गिऱ्हाईक येत होतं, भाव होत होते, पण माझ्या त्रेचाळीस शब्दांपैकी एकही कानावर पडला नाही. मला वाटलं, बाईंचं मनाला लागलंय.

शनिवारी मी मल्याणला गेले. काय बोलायचं हे रस्त्यात तीन वेळा ठरवलं. बाईंनी दार उघडलं, "ये," म्हणाल्या, आणि चहा टाकला. बशीत चिकूच्या वाळवलेल्या फोडी ठेवल्या. "वाडीतल्या आहेत. चिकू येतात, भाऊ येत नाही." खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि टेबलावर ती रविवार पुरवणी घडी घालून. मी तिच्याकडे बघणार नाही असं ठरवलं आणि तिच्याकडेच बघत राहिले.

"लेख चांगला झालाय," बाई म्हणाल्या. "दोन ठिकाणी 'आणि' जास्त आहेत. मी पेन्सिलीने खुणा केल्यात. तो शब्दसुद्धा अधोरेखित केला होता, म्हटलं सुंदर शब्द आहे, कधी कुठे आला नाही आपल्या वाचनात."

"बाई, मला माफ..."

"थांब. मला बोलू दे, नंतर मला जमणार नाही." त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिता ठेवला. "जागृती, आठ वर्षं मला वाटत होतं की मला भाव करता येतो. भाऊ म्हणायचा, तुला व्यवहार कळत नाही, तू शाळेत फुकट राबलीस. मी त्याला सांगायचे, बाजारात येऊन बघ एकदा. हंसा दुसऱ्या कुणाला वर घालते का बघ. मला घालते. मी दहा रुपये कमी करून दोन बोंबील वर घेऊन येते. येताना रिक्षा करत नाही, चालत येते, आणि इतकी खूश असते की बस." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "घरी आल्यावर मोजायचे सुद्धा."

मला रडू आलं. बाईंना आलं नाही. त्या उठून गॅस बंद करून आल्या, तो आधीच बंद होता.

"तुम्ही आम्हाला खडू आणायला पाठवायचात," मी म्हणाले. हे ठरवलेल्या बोलण्यात नव्हतं.

बाई दारातच थांबल्या. "तुला कळलं होतं?"

"दुसऱ्याच वेळी."

"कुणाला सांगितलंस?"

"नाही. कुणालाच नाही."

"हं," बाई म्हणाल्या, आणि पलंगावर येऊन बसत, "तेव्हा बारा वर्षांची होतीस." मी त्यांना तीस तारखेबद्दल सांगितलं, सूचीबद्दल, दुसऱ्या वर्षाबद्दल. म्हटलं, मी पाठवणार नाही. त्या एकदम शाळेतल्यासारख्या कडक झाल्या. "माझ्यावर घालू नकोस. मी सांगितलं म्हणून एमएला गेलीस. आता माझ्यामुळे सोडलंस तर ते मी कुठे ठेवू? तुझं तू ठरव. आणि एक, तू 'सवलत' लिहिलंयस. ती सवलत नव्हे. सवलत दाखवून देतात."

"मग काय लिहू?"

"ते मला का विचारतेस? विद्यार्थिनी तू आहेस."

त्यानंतरचे तीन दिवस मी त्या फॉर्मसमोर काढले. संकेतस्थळावर त्रेचाळीस रांगा, प्रत्येकीला पाच रकाने: शब्द, अर्थ, ध्वनिफीत, वापराचा संदर्भ, सद्यस्थिती. रविनासारखं एक रिकामं ठेवून पाहिलं, यंत्र लाल अक्षरात म्हणालं, सर्व रकाने अनिवार्य. तिरवंची रांगच काढून टाकली, तर पहिल्या अहवालात मीच त्रेचाळीस लिहिलेले. आणि ती एक काढून काय, बाकीच्या बेचाळीस शब्दांवर आई रोज घर चालवते. प्रतिष्ठानच्या समन्वयक बाईंना फोन केला. त्या फार गोड बोलल्या. म्हणाल्या, नष्ट होणाऱ्या गोष्टी वाचवण्यासाठीच तर ही योजना आहे, वेळेत भरून टाका. मी ध्वनिफिती ऐकत बसले. चाळीस तासांच्या आहेत. त्यात आईचा आवाज आहे, मागे समुद्र, कुणाची तरी कोंबडी, आणि मध्येमध्ये माझा आवाज, 'म्हणजे नेमकं काय?' चाळीस तास मी आईला सारखी विचारते आहे, म्हणजे नेमकं काय, आणि ती दर वेळी थोडी थांबते, हसते, आणि सांगून टाकते. तिचं ते थांबणं मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. मंगळवारी दुपारी मी ठरवलं, नाही पाठवायचं. जूनमध्ये पुन्हा तासिकांसाठी अर्ज करायचा, प्रबंध राहिला तर राहिला. ठरवल्यावर शांत वाटेल अशी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. सहा वर्षं गेली होती त्यात.

बुधवारी सकाळी आईला सांगायला बाजारात गेले. क्रेटवर बसले, सांगितलं. यादी पाठवत नाहीये, म्हणजे पुढच्या महिन्यापासून पैसे येणार नाहीत, काहीतरी बघीन. आई बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पाठव ना," ती म्हणाली. "कशाला नाय पाठवत?"

"आई, ते शब्द सगळ्यांना कळतील. तुमचा धंदा..."

"ते आता कोन बोलतंय?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. आई समजावणीच्या सुरात म्हणाली, जशी लहानपणी समजवायची, "अगो, ते सोडले आमी. त्या दिसापासनं. सगल्यांनी मिलून सोडले. सातपाटीच्या बायकांनापन सांगितलं. पाठव तू, आता कोनाचं काय जातंय त्यात?"

"मग आता काय बोलता?"

आईने भीमामावशीकडे पाहिलं. भीमामावशी पाटीवरचं फडकं पिळत होती. ती माझ्याकडे बघून हसली, अगदी प्रेमाने, गिऱ्हाइकाकडे बघून हसतात तसं. "तुला सांगितलं तर तू परत लिवशील," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. शेजारच्या दोघीतिघी हसल्या, आईही हसली, आणि मीही. मग मी जागच्या जागी बसून राहिले. लहानपणापासून त्या पाटीमागे बसत आले होते. आत्तासुद्धा तिथेच बसले होते, त्याच बाजूला, आईच्या पाठीला गुडघा लागत होता. पण आता मला त्यांचं काही कळणार नव्हतं. पुढच्या बाजूला उभं राहून भाव विचारणाऱ्यांत आणि माझ्यात काही फरक उरला नव्हता, आणि हे त्यांनी भांडण न करता, मला न दुखवता, आठवड्याच्या आत उरकलं होतं.

यादी मी त्याच दुपारी चार वाजता पाठवली. त्रेचाळीस वेळा 'सद्यस्थिती'च्या रकान्यात 'वापरात नाही' लिहिलं. अर्जात माहिती द्यायची असते आणि ती माहिती खरी होती. 'सवलत' खोडली, तिच्या जागी पुष्कळ शब्द लिहून पाहिले, शेवटी 'वर घालणे' एवढंच ठेवलं. दुसऱ्या वर्षाची मंजुरी आठवडाभरात आली. समन्वयक बाईंनी लिहिलं होतं, अगदी वेळेत हे शब्द वाचवलेत.

पण ते नंतरचं. त्या आधी, सकाळी दहाच्या सुमाराला, बाजाराच्या तोंडाशी चुरीबाई दिसल्या. इस्त्रीची साडी, तीच पिशवी. मी उठायला लागले, आईने मागे न वळता हाताने माझा गुडघा खाली दाबला. बाई सरळ आमच्या फळीसमोर येऊन उभ्या राहिल्या. पर्यवेक्षक परीक्षेच्या वर्गात उभा राहतो तशा उभ्या होत्या, कान देऊन. भीमामावशी पाटीवर पाणी मारत होती. पाणी मारता मारता ती काहीतरी म्हणाली. लहानसा शब्द होता. मी तो स्पष्ट ऐकला, आणि इथे लिहिणार नाही.

"काय भाव, हंसा?"

"शंभर."

"ऐंशी दे."

"नाय हो बाई, परवडत नाय. बोटी रिकाम्या येतात." आईने वाटा मागे ओढला. ती इतकी अडून बसली की मला भीती वाटली. बाई पंचाऐंशीवर आल्या, आई पंच्याण्णववर उतरली. बाईंनी पिशवीची घडी घातली आणि निघायला वळल्या, आईने त्यांना दोन पावलं जाऊ दिलं. मग ओरडली, "या हो, या, नव्वद द्या." "नव्वद, आणि दोन वर," बाई म्हणाल्या. आईने कपाळाला हात लावला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात नशिबाला बोल लावला, आणि दोन बोंबील वर टाकले. मध्यम होते, फार मोठे नाहीत. बाईंनी पैसे दिले, पिशवी घेतली. चेहऱ्यावर अजून काही दिसत नव्हतं. त्या फळीला वळसा घालून मागे, माझ्या क्रेटजवळ आल्या आणि वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "ती भीमा आत्ता काय म्हणाली गं?"

"माहीत नाही, बाई," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पाठ केलेलं उत्तर आणि खरं उत्तर यातला फरक ओळखण्यात त्यांची सबंध नोकरी गेली होती. मला खरोखरच माहीत नव्हतं, आणि तोंडावर ते दिसत असणार. बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, ओझं अजमावल्यासारखी जरा वर उचलली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि चालत घरी गेल्या.